औषधाचा पुरावा कसा तोलावा: आजार बदलला की उत्तरही बदलते

२०२१च्या एप्रिलमध्ये एका रात्री माझ्या मावसभावाने मला डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. ताप येऊन दोन दिवस झाले होते, कोविडची तपासणी पॉझिटिव्ह आली होती, बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९७ दाखवत होता आणि चिठ्ठीवर इतर गोळ्यांबरोबर स्टिरॉइडही लिहिलेले होते. त्याला मधुमेह आहे. "दादा, स्टिरॉइडने कोविडमध्ये जीव वाचतात, हे सिद्ध झालंय ना?" असे त्याने विचारले. ते सिद्ध झालेले होते, आणि तरीही त्याच्या हातातल्या चिठ्ठीला तो पुरावा लागू पडत नव्हता. हा पेच नीट उलगडला तर पुरावा तोलण्याचे निम्मे काम समजते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

प्रश्न पूर्ण लिहून काढा

"हे औषध चांगले आहे का?" हा प्रश्न अपुरा आहे. पुरावा औषधाला चिकटलेला नसतो. तो विशिष्ट आजारात, त्या आजाराच्या विशिष्ट टप्प्यावर, विशिष्ट पर्यायाच्या तुलनेत दिलेल्या औषधाविषयी असतो. त्यामुळे काहीही वाचण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: रुग्ण कोण आणि कोणत्या अवस्थेत आहे, औषध कोणते आणि किती दिवस, ते दिले नाही तर त्याऐवजी काय होणार आहे, आणि आपल्याला नेमके काय मिळवायचे आहे. माझ्या भावाच्या बाबतीत हा कागद असा झाला असता: मधुमेह असलेला, घरी असलेला, ऑक्सिजनची गरज नसलेला कोविडचा रुग्ण, पाच दिवस स्टिरॉइड, त्याऐवजी तापाचे औषध आणि देखरेख, हवे आहे ते मृत्यू व रुग्णालयात दाखल होणे टळणे.

आता २०२०मधली ब्रिटनची रिकव्हरी चाचणी पाहा. तिच्यात रुग्णालयात दाखल झालेल्या २१०४ रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड मिळाले आणि ४३२१ जणांना नेहमीचेच उपचार मिळाले. व्हेंटिलेटरवर असलेल्यांमध्ये २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. केवळ ऑक्सिजन लागलेल्यांमध्ये ते २६.२ वरून २३.३ झाले. ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता, त्यांच्यात मात्र नेहमीच्या उपचारांवर १४.० टक्के आणि डेक्सामेथासोनवर १७.८ टक्के मृत्यू झाले. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायद्याची खूण तिथे अजिबात नाही. एकाच चाचणीत, एकाच आजारात, एकाच औषधाची ही तीन उत्तरे आहेत. वर्तमानपत्रांच्या मथळ्यात त्यातले फक्त पहिले आले. मी त्या रात्री फोनवर या तीन ओळी भावाला वाचून दाखवल्या आणि सकाळी डॉक्टरांना एवढेच विचारायला सांगितले की, ऑक्सिजन ९७ असताना याची गरज आहे का. डॉक्टरांनी ते औषध तूर्त थांबवले आणि दर सहा तासांनी ऑक्सिजन मोजून कळवायला सांगितले. पुढच्या महिन्यांत महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे, रुग्ण किती वाढले हे आपण सर्वांनी पाहिले. वाढलेली शुगर आणि नको तिथे दिलेले स्टिरॉइड ही त्यामागची दोन ठळक कारणे होती.

स्टिरॉइडचीच गोष्ट आणखी थोडी पुढे नेतो, कारण एवढे बोलके उदाहरण दुसरे मला माहीत नाही. डोक्याला जबर मार लागला की मेंदूला सूज येते आणि स्टिरॉइड सूज कमी करते, या तर्कावर अनेक दशके अशा रुग्णांना स्टिरॉइड दिले जात होते. २००४मध्ये क्रॅश या चाचणीचे निष्कर्ष आले. १०,००८ रुग्ण घेतल्यावर ती थांबवावी लागली, कारण दोन आठवड्यांत स्टिरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के दगावले होते. त्याच वर्षी व्हिएतनाममधून मेंदूच्या आवरणाच्या क्षयरोगावरील ५४५ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. तिथे क्षयाच्या औषधांबरोबर डेक्सामेथासोन दिल्यावर मृत्यू ४१.३ टक्क्यांवरून ३१.८ टक्क्यांवर आले. पुढे २०२३मध्ये याच आजारात, पण एचआयव्हीबाधित प्रौढांमध्ये, स्वतंत्र चाचणी झाली, तेव्हा असा खात्रीलायक फायदा दिसला नाही. सूज मेंदूलाच, औषधही त्याच जातीचे, आणि निकाल तीन प्रकारचे. म्हणून "हे औषध असे काम करते" हे स्पष्टीकरण कितीही पटणारे असले, तरी त्याला पुरावा मानू नये. ते चाचणी करण्याचे कारण असते, चाचणीचा निकाल नसतो.

तुलना कोणाशी होती, ते शोधा

औषध घेतले आणि बरे वाटले, एवढ्याने औषधाने बरे झाले असे ठरत नाही, हे तत्त्व म्हणून सगळ्यांना मान्य असते. अडचण ही आहे की, हे तत्त्व प्रत्येक आजारात सारख्या जोराने लागू होत नाही. जो आजार आपोआप बरा होतो किंवा ज्यात चढउतार असतात, तिथे तुलनेशिवाय मिळालेला अनुभव जवळजवळ निरुपयोगी असतो. कंबरदुखीचे घ्या. कंबर अगदी धरली की माणूस औषध घेतो आणि त्यानंतर ती उतरणारच असते. २०१४मध्ये ऑस्ट्रेलियात सुमारे १६५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत अचानक उद्भवलेल्या कंबरदुखीत नियमित पॅरासिटामॉल घेणारे निम्मे रुग्ण १७ दिवसांत बरे झाले, दुखेल तेव्हा घेणारेही १७ दिवसांत, आणि औषध नसलेली हुबेहूब गोळी, म्हणजे रिकामी गोळी, घेणारे १६ दिवसांत. यातल्या कोणालाही विचारले असते, तर त्याने गोळीचा गुण आला असेच प्रामाणिकपणे सांगितले असते. तेच पॅरासिटामॉल ताप उतरवते यात मात्र शंका नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला असे आजार असतात जिथे उपचार न केल्यास काय होते हे ठाऊक असते आणि परिणाम इतका मोठा असतो की, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडण्याची गरजच उरत नाही. १९७१मध्ये बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलराची साथ आली, सलाइन संपत आले, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यातून पाजायला सुरुवात केली. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यू चार टक्क्यांच्याही खाली आले. तिथे दुसरा गट नव्हता, तरीही हा पुरावा भक्कम आहे.

या दोन टोकांच्या मध्ये बहुतेक आजार येतात, आणि तिथे योगायोगाने, म्हणजे संगणकाने चिठ्ठी काढावी तसे, रुग्णांचे गट पाडलेली चाचणीच विश्वासाची असते. कारण साधे आहे. कोणाला औषध द्यायचे हे डॉक्टरने ठरवले, तर नकळत जरा बरे असलेले रुग्ण एका गटात जातात आणि मग गटांमधला फरक औषधाचा की रुग्णांचा हे सांगता येत नाही. कोविडमधल्या प्लाझ्माची आठवण ताजी आहे. बरे झालेल्यांचा प्लाझ्मा मिळवण्यासाठी नातेवाईक रात्ररात्र फोन करत होते, आणि ज्यांना तो मिळाला त्यांच्यापैकी अनेक जण बरे होऊन घरी आले, म्हणून विश्वास वाढत गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी केली. आजार गंभीर होणे किंवा मृत्यू, हे मिळून प्रमाण प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के आणि न मिळालेल्यांत १८ टक्के निघाले. हे निष्कर्ष ऑक्टोबर २०२०मध्ये प्रसिद्ध झाले, तरी प्लाझ्मा राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला तो मे २०२१मध्ये. मधल्या काळातली ती धावपळ ज्या घरांनी केली, त्यांच्याविषयी मला आजही वाईट वाटते.

तुलनेतला पर्यायही पारखावा. नवे औषध रिकाम्या गोळीपेक्षा सरस ठरले, याचा अर्थ ते प्रचलित औषधापेक्षा सरस आहे असा होत नाही, आणि आपल्याला निवड बहुधा जुन्या व नव्या औषधांतच करायची असते.

रिपोर्ट सुधारला की माणूस?

चाचणीत काय मोजले, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे शिकलेली माणसेही फसतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ईसीजीत जादा ठोके दिसणाऱ्यांचा मृत्यू होण्याची शक्यता अधिक असते, म्हणून ते ठोके दाबणारी औषधे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर दिली जात. कास्ट नावाच्या चाचणीत तर आधी औषध देऊन ज्यांचे ठोके खरोखर कमी झाले असेच रुग्ण घेतले होते, म्हणजे प्रत्येकाचा रिपोर्ट सुधारलेला होता. १९९१च्या अंतिम अहवालात एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ मृत्यू, तर रिकामी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६ मृत्यू नोंदले आहेत. ईसीजी चांगला झाला होता आणि माणसे मरत होती.

मधुमेहात हाच धडा थोड्या गुंतागुंतीने येतो. २००८च्या अकॉर्ड चाचणीत १०,२५१ रुग्णांपैकी निम्म्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, औषधांच्या माऱ्याने ६.४ पर्यंत उतरवली आणि उरलेल्यांची ७.५ वर ठेवली. सुमारे साडेतीन वर्षांत पहिल्या गटात २५७ आणि दुसऱ्यात २०३ मृत्यू झाल्याने तो कडक उपचार थांबवण्यात आला. याउलट २०१५मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरील औषधाच्या चाचणीत दोन्ही गटांच्या एचबीएवनसीत फरक थोडाच होता, पण हृदयविकार असलेल्या त्या मधुमेही रुग्णांमध्ये मृत्यू ८.३ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर आले. साखर आटोक्यात ठेवू नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. साखरेचा आकडा औषधांची तुलना करायला पुरत नाही, इतकाच तो आहे.

कर्करोगात रिपोर्टमधला असा आकडा म्हणजे गाठ वाढायला लागेपर्यंतचा काळ. बेव्हॅसिझुमॅब मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात केमोथेरपीला जोडले, तेव्हा रुग्णांचे मध्यम आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो काळ, १५.६ महिन्यांवरून २०.३ महिने झाले. तेच औषध पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात दिल्यावर गाठ थांबून राहण्याचा काळ ५.९ महिन्यांवरून ११.८ महिने, म्हणजे दुप्पट झाला, पण आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही. त्या आधारावर दिलेली स्तनाच्या कर्करोगासाठीची मान्यता अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११मध्ये काढून घेतली. जाहिरातीत "दुप्पट" हा शब्द दिसला, की कशाच्या दुप्पट हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

काही आजारांत असा ठोस मोजमापाचा आधार नसतोच. नैराश्य, वेदना, खाज, निद्रानाश यांत रुग्ण जे सांगतो तेच मोजमाप असते आणि ते तसेच असायला हवे. तिथे कोण कोणते औषध घेत आहे हे रुग्ण आणि तपासणारा या दोघांनाही ठाऊक नव्हते ना, हे पाहणे मृत्यू मोजणाऱ्या चाचणीपेक्षा कितीतरी अधिक आवश्यक ठरते.

टक्केवारीचे माणसांत रूपांतर करा

औषध कंपनीच्या प्रतिनिधीने डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलेल्या चकचकीत पत्रकावर "मृत्यूंत ३० टक्के घट" असे लिहिलेले असते आणि ते खोटे नसते. १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील सिम्वास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीच्या चाचणीत ४४४४ हृदयरोगी होते. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात रिकाम्या गोळीवरील २२२३ पैकी २५६ आणि औषधावरील २२२१ पैकी १८२ जण मरण पावले. कागद घेऊन भागाकार करा: शंभरात ११.५ आणि शंभरात ८.२. फरक ३.३ चा, म्हणजे एक मृत्यू टाळण्यासाठी सुमारे ३० जणांनी पाच वर्षे गोळी घ्यायची. एवढ्या साध्या, रोजच्या गोळीसाठी हे उत्तम फळ आहे असे माझे मत आहे.

आता हृदयविकाराचा झटका कधीच न आलेल्या पुरुषांकडे वळू. १९९५च्या स्कॉटलंडमधील चाचणीत प्रवास्टॅटिनने जवळपास तेवढ्याच काळात मृत्यूचे प्रमाण ४.१ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर आणले. टक्केवारीत ही घट २२ दिसते, आणि तीही योगायोगाच्या सीमेवरची. माणसांत मोजली तर एका मृत्यूमागे सुमारे ११० जण. गोळी त्याच जातीची, पण मुळातला धोका लहान असल्यामुळे फायदाही लहान. अशा वेळी गोळीमुळे होऊ शकणारी पायदुखी किंवा खर्च यांसारख्या बाबींना निर्णयात अधिक वजन मिळणे रास्त आहे. म्हणून कोणतीही टक्केवारी ऐकली की पहिला प्रश्न हाच असावा: औषध न घेता माझ्यासारख्या शंभर जणांपैकी किती जणांना हे झाले असते?

दोन आकड्यांच्या जोडीला अहवालात अंदाजाची खालची व वरची मर्यादा दिलेली असते. ती वाचायला अवघड वाटली तरी सोडू नये. खालच्या टोकाला "फायदा नगण्य" आणि वरच्या टोकाला "फायदा प्रचंड" असे असेल, तर चाचणी लहान होती एवढेच तिने सिद्ध केले आहे.

जे छापले गेले नाही तेही तोला

२००८मध्ये संशोधकांनी अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदलेल्या नैराश्यावरील १२ औषधांच्या ७४ चाचण्या आणि नियतकालिकांत छापून आलेल्या चाचण्या शेजारी शेजारी ठेवल्या. नियामकाच्या मते ३८ चाचण्यांचा निकाल औषधाच्या बाजूने होता. त्यांपैकी ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच गेल्या नाहीत, ११ अशा रीतीने छापल्या गेल्या की निकाल अनुकूल वाटावा, आणि फक्त तीन जशाच्या तशा आल्या. वाचणाऱ्याला शंभरातल्या ९४ चाचण्या यशस्वी दिसत होत्या, प्रत्यक्षात ५१ होत्या. यावरून ही औषधे निरुपयोगी आहेत असे म्हणणे चूक ठरेल. २०१८मध्ये ५२२ चाचण्या एकत्र करताना न छापलेली माहितीही मिळवून घेतली, तेव्हा तपासलेली सर्व २१ औषधे तीव्र नैराश्यात रिकाम्या गोळीपेक्षा सरस ठरली, फक्त परिणाम माफक होता. औषध चालू असलेल्यांनी हे वाचून ते एकाएकी बंद करू नये, हे मी कळकळीने सांगतो.

भारतात चाचणी सुरू होण्याआधी तिची नोंद सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत करणे २००९पासून बंधनकारक आहे. तिथे औषधाचे नाव टाकून कोणत्या चाचण्या सुरू झाल्या, त्यांनी आधी काय मोजायचे ठरवले होते आणि छापताना काय मोजल्याचे सांगितले, हे कोणीही विनामूल्य ताडून पाहू शकतो.

लहान चाचण्यांच्या बेरजेविषयीही सावध असावे. ट्रानेक्झामिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारे स्वस्त औषध अपघातात २०,२११ रुग्णांवर तपासले गेले, त्यात भारतातील रुग्णालयेही होती. मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आले, मात्र रक्तस्रावाने होणाऱ्या मृत्यूंत घट दिसली ती तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांतच, त्यानंतर ते घातकच ठरण्याची चिन्हे होती. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावातही त्याने रक्तस्रावामुळे होणारे मृत्यू कमी केले. मग जठर व आतड्यांतील रक्तस्रावात ते का चालू नये? लहान लहान चाचण्या एकत्र केल्यावर तिथेही मोठा फायदा दिसत होता. २०२०मध्ये १२,००९ रुग्णांवरच्या चाचणीत तो फायदा नाहीसा झाला, आणि शिरांमधील गुठळ्या ०.४ टक्क्यांवरून ०.८ टक्के झाल्याचे आढळले.

आपल्या माणसांना ते लागू आहे का, आणि किती काळासाठी

परदेशातला पुरावा इथे चालणार नाही, असे सरसकट म्हणणे मला मान्य नाही. मात्र व्यवस्था, आहार आणि आजाराचे स्वरूप वेगळे असेल तर इथेच तपासून पाहणे उत्तम. तेव्हाच्या मद्रासमध्ये १९५६पासून क्षयरोग्यांचे दोन गट पाडून एका गटाला आरोग्यधामात आणि दुसऱ्याला दाटीवाटीच्या घरातच तीच औषधे दिली गेली. घरी राहिलेले गरीब, कमी आहार मिळणारे रुग्णही जवळपास तितकेच बरे झाले, आणि जगभर क्षयरोगाचे उपचार घरी होऊ लागले.

काळाचा प्रश्न क्षयरोगानेच शिकवला. १९४८च्या ब्रिटिश चाचणीत सहा महिन्यांनंतर स्ट्रेप्टोमायसिन घेतलेल्या ५५ पैकी चार, तर केवळ विश्रांती घेतलेल्या ५२ पैकी १४ रुग्ण दगावले होते. पाच वर्षांनी हेच आकडे ३२ आणि ३५ झाले, कारण एकट्या औषधाला जंतू दाद देईनासे झाले होते. आयुष्यभर घ्यायच्या गोळीचा पुरावा बारा आठवड्यांच्या चाचणीचा असेल, तर त्याचे वजन त्या प्रमाणात कमी धरावे.

हे सगळे करून झाल्यावर कागदावरच्या चार ओळींखाली आपला कौल चार पायऱ्यांपैकी एकीत लिहावा: खात्री मोठी, मध्यम, कमी, की अगदीच कमी. कौल "कमी" आला म्हणून औषध नाकारावे असे नाही. आजार जीवघेणा असेल आणि दुसरा उपाय नसेल, तर कमी खात्रीवरही औषध घेणे शहाणपणाचे असू शकते. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि विचारावे की, हे न घेतल्यास काय होईल, घेतल्यास माझ्यासारख्या शंभरांत किती जणांना फरक पडेल, आणि ते थांबवायचे कधी.

माझ्या भावाने ऑक्सिजनचे आकडे वहीत लिहून ठेवले होते. सातव्या दिवशी पहाटे ९० हा आकडा आला, त्याला रुग्णालयात नेऊन ऑक्सिजन लावावा लागला आणि त्याच दुपारी, शुगरसाठी इन्सुलिन सुरू करून, डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम सुरू झाले. रिकव्हरी चाचणीच्या तीन ओळींपैकी तो आता मधल्या ओळीत आला होता.